मेनफ्रेमवर फाइल पुन्हा पुन्हा बिघडते: रेकॉर्ड फॉरमॅट आणि एन्कोडिंगचा गुंता

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता सगळं एका जागी लिहून काढतोय. फाइल सर्व्हरवर नीट दिसते पण मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या मशीनवर) चढवली की कचरा, नाहीतर मेनफ्रेमवर नीट असते आणि खाली उतरवली की सगळीकडे @@@@, मग कोणीतरी घाईघाईत एखादं सेटिंग बदलतं, त्या रात्री जॉब (ठरल्या वेळी आपोआप धावणारं काम) चालतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढच्या महिनाअखेरीला परत तेच. सेटिंग चुकीचं असतं असं दर वेळी नसतं. बरेचदा ते बरोबर असतं पण फक्त त्या एका सेशनपुरतं टाकलेलं असतं, आणि त्याहून जास्त वेळा दोन वेगळे प्रॉब्लेम एकच समजून सोडवायला घेतलेले असतात.

ते दोन प्रॉब्लेम आधी वेगळे करू. पहिला, रेकॉर्ड कुठे संपतो. सर्व्हरवर ओळीच्या शेवटी एक न्यूलाइन बाइट असतो आणि त्यावरून ओळ कळते, मेनफ्रेमच्या डेटासेटमध्ये (तिथे फाइलला डेटासेट म्हणतात) तसं काही नसतं, तिथे रेकएफएम म्हणजे रेकॉर्डचा फॉरमॅट आणि एलरेकएल म्हणजे त्याची लांबी, हे सांगतात की रेकॉर्ड एवढ्या लांबीचा. एफबी म्हणजे सगळे सारख्या लांबीचे, व्हीबी म्हणजे प्रत्येकाची लांबी त्याच्या पुढे चार बाइटमध्ये लिहिलेली. दुसरा, एखादा बाइट म्हणजे कुठलं अक्षर. सर्व्हरवर आस्की किंवा यूटीएफ-८, मेनफ्रेमवर एबसिडिक, जी १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टीम ३६० बरोबर आली आणि आजही तिथेच आहे. पहिला प्रश्न चुकला तर ओळी तुटतात, चिकटतात, कापल्या जातात पण अक्षरं वाचता येतात. दुसरा चुकला तर ओळी जागच्या जागी असतात आणि अक्षरं बिघडतात. दोन्ही एकदम चुकले तर मात्र नुसतं स्क्रीनकडे बघून काहीच कळत नाही, आणि तिथेच लोक अंदाजाने सेटिंग बदलायला लागतात.

म्हणून माझा हट्ट एकच आहे, काहीही बदलण्याआधी बाइट बघा. आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमवर फाइल बघायचं-एडिट करायचं टूल) फाइल व्ह्यूमध्ये उघडा आणि कमांड लाइनवर हेक्स ऑन टाका, प्रत्येक ओळीच्या खाली दोन ओळी येतात, त्या उभ्या वाचायच्या. ए बी सी, मग एक स्पेस, मग १ २ ३ असा मजकूर असेल तर वरच्या ओळीत सीसीसी४एफएफएफ आणि खाली १२३०१२३, म्हणजे ए हा सी१, स्पेस हा ४० आणि १ हा एफ१. हे दिसलं की एबसिडिक नीट आहे, अक्षरांचा प्रॉब्लेम नाही, रेकॉर्डकडे वळा.

मी स्वतः पहिल्यांदा स्पेसचाच बाइट शोधतो कारण स्पेस प्रत्येक फाइलमध्ये असते आणि तिच्यावरून झटकन निदान होतं. मेनफ्रेमवर स्पेसच्या जागी ४० असेल तर सगळं ठीक. २० असेल तर आस्की फाइल जशीच्या तशी येऊन पडलीय, कन्व्हर्जन झालंच नाही. आणि ७सी असेल, म्हणजे मेनफ्रेमच्याच स्क्रीनवर स्पेसच्या जागी @ दिसत असतील, तर कन्व्हर्जन दोनदा झालंय: आधीच एबसिडिक असलेल्या फाइलला कोणीतरी आस्की समजून परत फिरवलं, एबसिडिकचा ४० हा आस्कीत @ असतो, तो इमानदारीने एबसिडिकच्या @ मध्ये बदलला गेला, आणि तो ७सी. सर्व्हरच्या बाजूला याच्या उलट, तिथे हेक्सडंप मारा: २० म्हणजे ठीक, ४० म्हणजे कन्व्हर्जन राहिलं, ८० दिसलं तर दोनदा झालं. या एका बाइटने माझे कितीतरी तास वाचलेत.

डोळ्यांनी ओळखायची सवय झाली तर हेक्स न लावताही कळतं. एबसिडिक फाइल सर्व्हरवर तशीच उघडली की स्पेसचे @ होतात आणि आकड्यांच्या जागी डोक्यावर खुणा असलेले एन आणि ओ येतात, १ चा ñ, २ चा ò, ३ चा ó असं. आस्की फाइल मेनफ्रेमवर तशीच उघडली की लहान लिपीतल्या ए च्या जागी /, एल च्या जागी %, एम च्या जागी _, एन च्या जागी > आणि ओ च्या जागी ? दिसतात. ओळभर असे ?, > आणि / विखुरलेले दिसले की फाइल करप्ट नाहीये, फक्त आस्की आहे. अशा वेळी परत मागवायचीही घाई नको, आयएसपीएफच्या एडिटमध्ये सोर्स आस्की टाकलं की ती वाचता येते आणि एलएफ कमांड दिली की न्यूलाइन बघून ओळीही नीट लागतात. हे बघण्यापुरतं झालं, सेव्ह करायच्या आधी थांबा आणि ही फाइल वाचणारा जॉब काय मागतोय ते बघा, कारण सोर्स आस्कीमध्ये सेव्ह केलेली फाइल आस्कीच राहते.

आता एफटीपी, म्हणजे फाइल इकडून तिकडे पाठवायचा नेहमीचा मार्ग, कारण दहातल्या आठ केसेस इथेच सापडतात. आस्की मोड म्हणजे एन्कोडिंगही बदलणार आणि न्यूलाइनवरून रेकॉर्डही पाडणार. बायनरी मोड म्हणजे दोन्हींना हात लावणार नाही, बाइट येतील तसे एलरेकएलच्या लांबीने कापत जाणार. म्हणजे मोड बदलला की आपले दोन्ही प्रश्न एकदम हलतात, आणि गोंधळाचं मूळ नेमकं हेच आहे. टेक्स्ट फाइल बायनरीने पाठवली तर ८० च्या एफबी डेटासेटमध्ये ८०-८० बाइटचे तुकडे पडतात, न्यूलाइन मध्येच कुठेतरी अडकलेली असते, आणि बघणाऱ्याला वाटतं एन्कोडिंग गेलं. गेलंय दोन्ही.

नवीन डेटासेट एफटीपीनेच तयार व्हायचा असेल आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर मेनफ्रेमच्या एफटीपी सर्व्हरचा डिफॉल्ट लागतो, मूळ डिफॉल्ट आहे व्हीबी, एलरेकएल २५६, ब्लॉकसाइझ (डिस्कवर एकदम लिहायच्या तुकड्याचा आकार) ६२३३. कोणाच्या जॉबचा डेटासेट ६२३३ ब्लॉकसाइझचा दिसला की मी न विचारता सांगतो की साइट कमांड (एफटीपी सर्व्हरला डेटासेट कसा बनवायचा ते सांगणारी) दिलेली नाही. त्या २५६ मध्येही पहिले चार बाइट लांबीचे, म्हणजे तुमच्या डेटाला २५२. ओळ ३०० ची असेल तर उरलेली कापली जाते आणि ट्रान्सफर यशस्वीच दाखवतो! शेवटच्या २५० नंबरच्या मेसेजात डेटा ट्रंकेट झाल्याचं लिहिलेलं असतं पण तो मेसेज कोण वाचतं, सगळे २५० बघतात आणि पुढे जातात. कृपा करून तो मेसेज पूर्ण वाचा, आणि स्क्रिप्टमध्ये नुसता २५० तपासत असाल तर ट्रंकेट हा शब्दही तपासा.

लॉगिन झाल्यावर आणि पुट म्हणजे फाइल पाठवण्याआधी द्यायची कमांड अशी: कोट साइट रेकएफएम=एफबी एलरेकएल=३०० ब्लॉकसाइझ=०. ब्लॉकसाइझ शून्य दिला की सिस्टीम स्वतः योग्य आकडा काढते, ८० च्या एफबीला ३३९० डिस्कवर २७९२० येतो, तो हाताने लिहायची गरज नाही, आणि हाताने लिहिलेला ब्लॉकसाइझ एलरेकएलच्या पटीत नसला की ०१३-२० चा अबेंड, म्हणजे जॉब मध्येच पडणं, ठरलेला. एफटीपी क्लायंट मेनफ्रेमवरच चालत असेल आणि फाइल तिकडून गेट करत असाल तर साइट नाही, लोकसाइट. कारण डेटासेट तुमच्याच बाजूला बनतोय. ही चूक मी किती जणांना करताना पाहिलीय, साइट देतात, समोरचा सर्व्हर ती गिळतो किंवा माहीत नाही म्हणतो, आणि इकडे डिफॉल्टच लागतो.

आणखी एक, डेटासेट आधीपासून असेल तर साइटमध्ये दिलेलं रेकएफएम लागत नाही, आहे त्याचंच राहतं. म्हणून "मी कमांड दिली तरी बदलत नाही" असं म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारतो की जुना डेटासेट डिलीट केला का, किंवा नवीन नावाने पाठवून बघितलं का. डिलीट करताना बॅकअप आहे ना हे बघूनच.

एन्कोडिंगसाठी वेगळी साइट कमांड आहे: कोट साइट एसबीडेटाकॉन=(आयबीएम-१०४७,आयएसओ८८५९-१). पहिला मेनफ्रेमच्या फाइलचा कोड पेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता), दुसरा नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाचा. यूटीएफ-८ येणार असेल तर एसबी म्हणजे सिंगल बाइट वालं चालत नाही, कोट साइट एन्कोडिंग=एमबीसीएस आणि त्यामागून कोट साइट एमबीडेटाकॉन=(आयबीएम-१०४७,यूटीएफ-८). आत्ता काय लागू आहे ते कोट स्टॅटने दिसतं, लांबलचक येतं पण चालणाऱ्या रात्रीचं आणि न चालणाऱ्या रात्रीचं स्टॅट शेजारी ठेवून बघितलं की फरक लगेच सापडतो.

चौकोनी कंस. हा विषय निघाला की मी थोडा लांबतो कारण माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेत. एबसिडिक एकच नाहीये. बहुतेक अक्षरं आणि आकडे सगळ्या पेजेसमध्ये सारखे असतात म्हणून आपल्याला वाटतं ०३७ काय आणि १०४७ काय, पण [ हा १०४७ मध्ये एडी आहे आणि ०३७ मध्ये बीए, आणि ] हा १०४७ मध्ये बीडी आणि ०३७ मध्ये बीबी. टोपीचं चिन्ह ^ आणि नकाराचं ¬ यांची तर सरळ अदलाबदल आहे, ५एफ आणि बी०. सी कंपायलर आणि युनिक्स सर्व्हिसेस (मेनफ्रेममधला युनिक्सचा भाग) १०४७ धरून चालतात, टर्मिनल एमुलेटर (आपल्या मशीनवर मेनफ्रेमचा स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) बऱ्याच ठिकाणी ०३७ वर लावलेला असतो, कोबॉल कंपायलरचा डिफॉल्ट ११४० म्हणजे ०३७ च पण युरोचं चिन्ह घातलेलं. त्यामुळे होतं काय की फाइलमध्ये १०४७ चा [ म्हणजे एडी बरोबर बसलेला असतो, ०३७ वरचा एमुलेटर त्या जागी डोक्यावर रेघ असलेला Ý दाखवतो, बघणाऱ्याला वाटतं फाइल बिघडली, तो कीबोर्डवरून [ टाइप करून "दुरुस्त" करतो, एमुलेटर तिथे बीए लिहितो, आणि आता फाइल खरोखर बिघडली. जेसन फाइल असेल तर पार्सर पहिल्याच ॲरेवर अडतो. माझ्या केसमध्ये दोन्ही ओळींत [ असायला हवा होता, स्क्रीनवर एकीत तो चांगला दिसत होता आणि एकीत Ý, आणि चांगला दिसणाराच चुकीचा होता. हेक्स ऑन केलं आणि एडी आणि बीए शेजारी दिसले तेव्हा कळलं. तेव्हापासून नवीन मशीन मिळालं की एमुलेटरचं कोड पेज १०४७ करणं हे माझं पहिलं काम.

आता सगळ्यात गंभीर प्रकार, आणि हा मला खरंच मनापासून सांगायचाय कारण यात फाइल बिघडलेली दिसत नाही. पॅक्ड डेसिमल. कॉपीबुकमध्ये (कोबॉलमधलं रेकॉर्डच्या फील्डचं वर्णन) कॉम्प-३ लिहिलेलं फील्ड म्हणजे तिथे अक्षरं नाहीत, नुसते निबल आहेत, अर्ध्या बाइटला एक आकडा आणि शेवटच्या अर्ध्यात चिन्ह. १२३.४५ ही रक्कम तीन बाइटमध्ये १२ ३४ ५सी अशी बसते. ही फाइल आस्की मोडने खाली पाठवली तर एफटीपीला काय माहीत हे पॅक्ड आहे, ती प्रत्येक बाइट अक्षर समजून बदलते. १२ तसाच राहतो, ३४ चा ९४ होतो, आणि ५सी म्हणजे एबसिडिकमधला तारा, त्याचा आस्कीतला तारा २ए. म्हणजे १२ ९४ २ए. शेवटचा ए हा निबलसुद्धा धन चिन्ह म्हणून चालतो. खालच्या प्रोग्रामने ते वाचलं १२९.४२. कुठलाही एरर नाही, अबेंड नाही, आकडा आकड्यासारखाच!

हे मी एका जुन्या प्रोजेक्टवर बघितलंय. महिनाअखेरीच्या टोटलमध्ये फरक येत होता आणि फरक थोडाथोडकाच, सगळे रेकॉर्ड चुकले असते तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं. पण ६७८.९० सारखी रक्कम ६७ ८९ ०सी असते, त्यातला ६७ बदलून सी५ होतो, सी हा काही आकडा नाही म्हणून तो रेकॉर्ड रिजेक्ट होत होता आणि रिजेक्ट लिस्टमध्ये जात होता, ती टीम ते हाताने भरत होती आणि सगळ्यांना वाटत होतं एवढाच प्रॉब्लेम आहे. जे रेकॉर्ड चुकून वैध ठरत होते ते सरळ आत जात होते. शेवटी एका रेकॉर्डचे तीन बाइट कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी ताडून बघितले तेव्हा उलगडा झाला. त्यात रकमेमध्ये नेमका १५ किंवा २५ हा बाइट आला की, टेबल कोणतं आहे त्यानुसार, त्याची न्यूलाइन व्हायची आणि रेकॉर्ड मधूनच तुटायचा, तो वेगळा ताप.

यावर "मग बायनरीने पाठवा" हे अर्धं उत्तर आहे. बायनरीने पाठवलं तर पॅक्ड वाचेल पण नावं-पत्ते एबसिडिकमध्येच खाली येतील, म्हणजे खालच्या प्रोग्रामकडे कॉपीबुक असायला हवं आणि फील्डवार कन्व्हर्जन यायला हवं. ते जमणार असेल तर बायनरी उत्तमच. नाहीतर मेनफ्रेमवरच पाठवण्याआधी एक सॉर्ट स्टेप टाका, डीएफसॉर्ट या सॉर्ट प्रोग्रामच्या आउटरेकमध्ये ते फील्ड पीडी म्हणजे पॅक्ड म्हणून घ्या आणि एडिट पॅटर्न देऊन चिन्हासकट वाचता येईल असा आकडा बनवा, मग पूर्ण फाइल निव्वळ टेक्स्ट होते आणि आस्की मोडने निर्धास्त जाते. रेकॉर्ड थोडा लांब होतो, होऊ द्या. मला विचाराल तर दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण त्यात समोरच्याला मेनफ्रेम माहीत असायची गरज उरत नाही.

उलट्या दिशेला, म्हणजे बिघडलेलं पॅक्ड मेनफ्रेमवर आलं तर मात्र बहुतेक वेळा एस०सी७ हा चुकीच्या आकड्याचा अबेंड येतोच, सगळे सॉक-सेव्हन म्हणतात तो. त्यात रागावण्यासारखं काही नाही, तो तुम्हाला वाचवतोय.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. झोन्ड फील्ड, म्हणजे कॉम्प-३ नसलेलं पण एस (चिन्हाची खूण) असलेलं, त्यात +१२३४५ खाली उतरवल्यावर १२३४ आणि पुढे ई हे अक्षर दिसतं, ऋण असेल तर एन. शून्याने संपत असेल तर महिरपी कंस. हे बिघडलेलं नाहीये, चिन्ह शेवटच्या आकड्यातच बसवलेलं असतं. नको असेल तर कोबॉलमध्ये साइन ट्रेलिंग सेपरेट करा.

यूटीएफ-८ चं दुखणं वेगळ्या जातीचं आहे कारण तिथे एका अक्षराला किती बाइट हे ठरलेलं नसतं. é यूटीएफ-८ मध्ये सी३ ए९ असे दोन बाइट आणि १०४७ मध्ये ५१ हा एकच. सेटिंगमध्ये आयएसओ८८५९-१ आहे आणि येतंय यूटीएफ-८, तर त्या एकाची दोन वेगळी अक्षरं होतात आणि त्या रेकॉर्डमधले पुढचे सगळे कॉलम एकाने सरकतात. लक्षण असं की हजार रेकॉर्ड नीट आणि मध्येच एखादाच फुटतो, तोही नेहमी परदेशी नाव असलेला. आणि फक्त पहिलाच रेकॉर्ड तीनने सरकत असेल तर बीओएम (यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला टाकलेली खूण) आहे, सर्व्हरवर ईएफ बीबी बीएफ, मेनफ्रेमवर हेक्समध्ये ५७ ८बी एबी. पाठवणाऱ्याला बीओएमशिवाय सेव्ह करायला सांगा, इकडे काढत बसू नका, कारण उद्या तो बीओएम नसलेली पाठवेल आणि तुमची स्टेप चांगले तीन बाइट खाईल.

देवनागरी मजकूर असेल तर १०४७ मध्ये तो बसणारच नाही, तिथे ती अक्षरंच नाहीत. कन्व्हर्ट केला तर प्रत्येक अक्षराच्या जागी सबस्टिट्यूट बाइट येतो, एबसिडिकमधला ३एफ, आणि एकदा तो आला की मूळ अक्षर परत मिळत नाही, मागे फिरवूनही नाही. म्हणून असा मजकूर यूटीएफ-८ म्हणूनच बायनरीने आणायचा, डीबी२ डेटाबेसमध्ये युनिकोडच्या टेबलात ठेवायचा, कोबॉलमध्ये पिक एन प्रकारचं फील्ड घ्यायचं म्हणजे यूटीएफ-१६, किंवा ६.३ पासून पिक यू आहे ते यूटीएफ-८ साठी. आणि लांबी मोजताना अक्षरं नाही, बाइट मोजा. "मराठी" हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटचा आहे, म र ठ आणि दोन मात्रा असे पाच, प्रत्येकी तीन. ३० बाइटच्या नावाच्या फील्डमध्ये अशी दहाच चिन्हं बसतात, आणि मध्ये एका बाइटची स्पेस आल्याने शेवटचं अर्धवट कापलं गेलं की पुढे कुठलं तरी टूल अख्खी फाइल नाकारतं.

युनिक्स सर्व्हिसेसच्या बाजूला एक सापळा आहे तो सांगतो आणि मग मूळ मुद्द्यावर येतो. तिथे प्रत्येक फाइलला एक टॅग असतो, एलएस -टी ने दिसतो, सीएच-टॅगने बदलता येतो. लोकांना वाटतं सीएच-टॅग चालवला की फाइल कन्व्हर्ट झाली. नाही. तो फक्त डब्यावरचं लेबल बदलतो, आतला माल तसाच. आतले बाइट बदलायचे असतील तर आयकॉन्व्ह: आयकॉन्व्ह -एफ आयएसओ८८५९-१ -टी आयबीएम-१०४७, मग इनपुट फाइल, आणि आउटपुट नवीन नावाने, त्याच नावाने अजिबात नाही, शेल आधी आउटपुट फाइल रिकामी करतं आणि मग वाचायला काही उरत नाही. लेबल खोटं असेल आणि ऑटो-कन्व्हर्जन चालू असेल, म्हणजे _बीपीएक्सके_ऑटोसीव्हीटी ऑन असेल, तर वाचताना प्रत्येक वेळी चुकीचं कन्व्हर्जन होतं. तुमच्या लॉगिनमध्ये ऑन, बॅच जॉबमध्ये ऑफ, म्हणून "माझ्याकडे चालतं, जॉबमध्ये नाही". असं कोणी म्हटलं की मी दोन्हीकडचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आधी मागतो. गिट वापरत असाल तर गिटॲट्रिब्यूट्समध्ये झेडओएस-वर्किंग-ट्री-एन्कोडिंग लिहून ठेवा म्हणजे चेकआउट करतानाच योग्य टॅग लागतो.

एफटीपी सोडून एसएफटीपीवर गेलात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बिघडलं असेल तर त्याचं कारण हे: एसएफटीपी मुळात काहीही कन्व्हर्ट करत नाही, बाइट जसेच्या तसे. एफटीपी इतकी वर्षं जे गुपचूप करत होतं ते आता तुम्हाला वेगळ्या स्टेपमध्ये करायचंय, फाइल आधी युनिक्सच्या डिरेक्टरीत, मग आयकॉन्व्ह, मग डेटासेटमध्ये कॉपी. आणि ती स्टेप घातल्यावर एखाद्याने एसएफटीपीमध्ये आस्की कमांडही दिली की दोनदा कन्व्हर्जन, स्पेसच्या जागी ७सी.

रेकॉर्ड फॉरमॅट बदलण्याबद्दल एक कळकळीची विनंती. अस्तित्वात असलेल्या पीडीएसला (अनेक छोट्या फाइल म्हणजे मेंबर ठेवणारा डेटासेट) जेसीएलमध्ये (जॉब लिहायची भाषा) वेगळा डीसीबी, म्हणजे रेकॉर्ड फॉरमॅटचं वर्णन, देऊन त्यात लिहू नका. मेंबर लिहिला जातो, जॉब शून्य रिटर्न कोडने संपतो, पण डेटासेटच्या लेबलवर नवीन रेकएफएम-एलरेकएल छापलं जातं आणि जुने सगळे मेंबर उघडले की आय-ओ एरर, एस००१. मेंबर गेलेले नसतात, घाबरू नका, काही डिलीटही करू नका. टीएसओमध्ये (मेनफ्रेमवर कमांड द्यायची जागा) लिस्टडीएस मारून आत्ता काय लागलंय ते बघा, मूळ ॲट्रिब्यूट शोधा (बॅकअपमध्ये किंवा तशाच दुसऱ्या लायब्ररीत मिळतात) आणि त्याच मूळ डीसीबीने एक रिकामा मेंबर लिहा, लेबल परत पूर्ववत होतं आणि जुने मेंबर उघडतात. मधल्या काळात नव्या फॉरमॅटमध्ये लिहिलेले मेंबर तेवढे परत लिहावे लागतील. फॉरमॅट खरंच बदलायचा असेल तर नवीन डेटासेट घ्या आणि कॉपी करा, एफबीचं व्हीबी करायला सॉर्टच्या आउटफिलमध्ये एफटीओव्ही, उलटं करायला व्हीटीओएफ. व्हीबी करताना एलरेकएलमध्ये चार जास्त धरायला विसरू नका, आणि कोबॉलचा फाइल स्टेटस ३९ आला तर तो हेच सांगत असतो की प्रोग्राममधलं वर्णन आणि डेटासेट जुळत नाही. एक्समिटच्या (डेटासेट पॅक करून पाठवायची मेनफ्रेमची कमांड) फाइल मात्र नेहमी बायनरी, एफबी, ८०, यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता हे परत परत का होतं. कारण साइट कमांड सेशन संपलं की जाते. रात्री कोणीतरी हाताने लॉगिन करून, कोट साइट देऊन, फाइल पाठवून मोकळं होतं, पण शेड्यूल झालेला जॉब पुढच्या वेळी त्याच्या जुन्याच स्क्रिप्टने धावतो. म्हणून उपाय सापडला की तो जॉबच्या इनपुट डीडीमध्ये (जॉबला फाइल जोडणारी जेसीएलमधली ओळ) लिहा, पुटच्या अगदी वरच्या ओळींत, मोडसकट, म्हणजे आस्की किंवा बायनरी हेही स्पष्ट लिहायचं, डिफॉल्टवर सोडायचं नाही. मेनफ्रेम क्लायंट असेल तर एसवायएसएफटीपीडी डीडीला स्वतःची एफटीपी.डेटा फाइल जोडा, म्हणजे सिस्टीमवाल्यांनी ग्लोबल डिफॉल्ट बदलला तरी तुमचा जॉब हलणार नाही. ग्लोबल डिफॉल्टच बदलून द्या अशी मागणी मात्र शक्यतो करू नका, तुमची एक फाइल नीट होते आणि दुसऱ्या कोणाच्या चाळीस बिघडतात.

आणि एक छोटी टेस्ट फाइल कायम जवळ ठेवा. माझी पाच ओळींची आहे: एका ओळीत दोन्ही चौकोनी कंस, महिरपी कंस, ^, ~, | आणि \, एकीत é आणि पाउंडचं चिन्ह, एक ओळ एलरेकएलएवढीच बरोब्बर लांब आणि शेवटचं अक्षर झेड, एक त्याहून एकाने जास्त, आणि एक शेवटी दहा स्पेस असलेली, कारण आस्की मोडने मेनफ्रेमवरून एफबी डेटासेट पाठवताना शेवटच्या स्पेस डिफॉल्टने गळतात, त्या हव्या असतील तर कोट साइट ट्रेलिंगब्लँक्स. सर्व्हर बदलला, पॅच आला, नवीन क्लायंट आला, कोड पेज बदललं, काहीही झालं की आधी ही फाइल वर पाठवायची, हेक्स ऑनने बघायची, परत खाली आणायची आणि मूळ फाइलशी बाइट-बाय-बाइट ताडायची. लांब ओळ आणि स्पेसवाली ओळ सोडून बाकी तीन तंतोतंत जुळल्या तरच खरी फाइल सोडायची. लांब ओळ कापली जायलाच हवी आणि ट्रंकेटचा मेसेज यायलाच हवा, तो आला नाही तर तुमची स्क्रिप्ट तो मेसेज गिळतेय, आधी ते शोधा.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात एमुलेटरचं मत दिसतं, फाइलचं नाही. बिघडलेल्या एका ओळीचं दोन्ही बाजूंचं हेक्स, लिस्टडीएसचं आउटपुट आणि एफटीपीचा पूर्ण लॉग, २५० च्या मेसेजसकट, एवढं द्या.